शाळेत शिकवता शिकवता पात्र शिक्षक कसं व्हायचं

तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांप्रमाणे पैसे घेऊन, चार-पाच वर्षं काढली की शिक्षक म्हणून सरकारी मान्यता मिळते, असा समज स्टाफरूममध्ये पक्का बसलेला असतो. तसं काही नाही. महाराष्ट्रात नुसत्या अनुभवावर कोणी पात्र शिक्षक होत नाही. सेवेतल्या अप्रशिक्षितांना एकदा सवलत मिळाली होती. २०१७ साली शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती करून त्यांना प्रशिक्षण पुरं करायला ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत दिली गेली आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने त्यांच्यासाठी १८ महिन्यांचा डीएलएड (प्राथमिक शिक्षणाची पदविका, जुनं नाव डीएड) चालवला. ती मुदत कधीच संपली. त्या नावाने आजही कोणी प्रवेश देऊ करत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

अर्ज भरण्याआधी आपल्याला कोणत्या इयत्तांना शिकवायचं आहे ते ठरवा. पहिली ते पाचवीसाठी बारावीला किमान ५० टक्के (राखीव गटांना सवलत), दोन वर्षांचा डीएलएड आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर एक लागतो. इथे बीएड चालत नाही. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे, तरी ‘बीएड म्हणजे वरची पदवी, खाली चालेलच’ या भरवशावर पैसे भरणारे अजून भेटतात. सहावी ते आठवीसाठी पदवी, तिच्यासोबत डीएलएड किंवा बीएड, आणि टीईटीचा पेपर दोन. नववी-दहावीला विषयातली पदवी आणि बीएड, तर अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बीएड.

नोकरी सांभाळून बीएड करायचं, तर सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं : तुमच्याकडे आधीचं डीएड किंवा डीएलएड आहे का? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार दूरशिक्षणाने बीएड दोघांनाच करता येतं. एक, सेवेत असलेले प्रशिक्षित प्राथमिक शिक्षक. दुसरे, परिषदेची मान्यता असलेला शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम प्रत्यक्ष कॉलेजात जाऊन पूर्ण केलेले उमेदवार. यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) हे दोन सरळ रस्ते आहेत. पदवीला साधारण ५० टक्के हवेत. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो आणि जास्तीत जास्त पाच वर्षांत पुरा करता येतो. मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाच्या अटी त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचा, मित्राने पाठवलेल्या जुन्या पीडीएफवर जाऊ नका.

डीएड नसलेल्या पदवीधराला मात्र दूरशिक्षण बंद आहे. त्याने बीएडची सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) द्यायची आणि दोन वर्षं नियमित कॉलेज करायचं. तिथे तासांना ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेला (इंटर्नशिपला) ९० टक्के हजेरी लागते. म्हणजे पूर्णवेळ नोकरी आणि नियमित बीएड एकत्र होत नाही. बिनपगारी रजा घ्या, नाहीतर राजीनामा देऊन पुढे परत या. ‘नॉन-अटेंडिंग’ प्रवेशाच्या जाहिराती इथेच माणसाला गाठतात. हजेरी आम्ही लावू, तुम्ही फक्त परीक्षेला या, असं गोड बोलणं असतं. परीक्षा पार पडते, पदवीही हातात येते. घोळ कळतो तो नंतर, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेच्या वेळी. कागदपत्रं तपासणारा लिपिक शाळेचा हजेरीपट आणि बीएडच्या तारखा शेजारी ठेवतो. सोमवारी सकाळी अकराला हा माणूस सातवी ‘ब’च्या वर्गात होता की दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात? याचं उत्तर नसतं आणि फाइल तिथेच अडकते. अनुभवाचा दाखला आणि पदवी, दोन्ही संशयात येतात.

दूरशिक्षणाच्या प्रवेशात लोक सर्वांत जास्त अडकतात ते अनुभवाच्या दाखल्यावर. ‘आमच्या शाळेत कार्यरत आहेत’ एवढ्याने भागत नाही. रुजू झाल्याची तारीख, इयत्ता, विषय, माध्यम, पूर्णवेळ की अर्धवेळ, शाळेचा यू-डायस (सरकारी नोंदीतला शाळेचा) क्रमांक, मुख्याध्यापकांची सही-शिक्का, जावक क्रमांक आणि तारीख, एवढं सगळं दाखल्यावर घ्या. बायकांच्या अर्जात आणखी एक अडचण येते : पदवी माहेरच्या नावावर आणि नेमणूक सासरच्या. राजपत्रातला नावबदल किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवा, अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात ते होत नाही.

इग्नूची प्रवेश परीक्षा १०० प्रश्नांची, दोन तासांची असते. अध्यापन विषय पदवीच्या विषयाशी जुळणारा निवडा. सोपा वाटतो म्हणून भलताच घेतला तर पुढे त्या पदासाठी तुम्ही बसत नाही. दोन्ही वर्षी प्रत्येकी १२ दिवसांची कार्यशाळा असते आणि ती चुकवता येत नाही. रजेचा अर्ज जूनमध्येच, शाळेचं वार्षिक नियोजन होताना द्या. आंतरवासितेसाठी आपलीच शाळा चालेल का, हे अभ्यासकेंद्राकडून लेखी घ्या, तोंडी होकारावर विसंबू नका. सराव पाठांची टाचणं (पाठाचं लेखी नियोजन) आदल्या रात्री खरडली तर लगेच उघडी पडतात. उद्दिष्टात ‘विद्यार्थी समजून घेतील’ असं मोघम लिहू नका. ‘समच्छेद अपूर्णांकांची बेरीज करतील’ असं लिहा, म्हणजे मूल्यमापनाचा प्रश्न त्यातूनच निघतो.

टीईटी पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. केंद्राची सीटीईटीही चालते. दोन्हींत १५० प्रश्न, १५० मिनिटं. खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोळा रिकामा सोडू नका. हिशेब असा मांडा : बालमानसशास्त्र आणि दोन भाषा मिळून ९० गुणांचे तीन भाग, प्रत्येकात २४ मिळवले की ७२ झाले. उरलेल्या ६० गुणांत फक्त १८ हवेत. गणिताची धास्ती घेतलेल्यांनी उजळणीला सुरुवात भाषांपासून करावी. पेपर दोनमध्ये गणित-विज्ञान की सामाजिक शास्त्र हा गट पदवी पाहून निवडा, कारण भरतीत पद त्याच गटाचं मिळतं. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. आधीच नोकरीत असलेल्यांनीही हे वाचावं : १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्यांना टीईटीसाठी दोन वर्षं दिली आहेत. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण टीईटीशिवाय बढती मिळणार नाही.

जिल्हा परिषद, पालिका किंवा अनुदानित शाळेत जायचं तर पुढे टेट येते, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. टीईटी आणि टेट यांत गल्लत करू नका. टेटला २०० प्रश्न आणि १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. त्यात १२० प्रश्न अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. उत्तीर्णतेची रेषा नाही, गुणांवर पवित्र पोर्टलची, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळाची, यादी लागते. पोर्टलवर स्वप्रमाणपत्र भरताना टक्केवारी, जात-प्रवर्ग, माध्यम मूळ कागद समोर ठेवूनच भरा. इथे घाईत केलेली चूक कागदपत्र पडताळणीत उमेदवारी घालवते.

निवड झाली की आधी शिक्षण सेवकाची, म्हणजे ठरावीक मानधनावरची, तीन वर्षं असतात. मानधन १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार आहे. खासगी अनुदानित संस्थेत रुजू होताना ‘मान्यता नंतर येईल’ हे ऐकून गप्प बसू नका. पदाची जाहिरात, बिंदूनामावलीतला (पदांच्या आरक्षणाच्या तक्त्यातला) क्रमांक, संस्थेचा ठराव, नेमणूक आदेश आणि रुजू अहवाल यांच्या प्रती त्याच दिवशी मागून घ्या. शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतलं नाव याच कागदांवर ठरतं.