खिल्लार खोंड वळू म्हणून राखताय? या चुका टाळा

खरसुंडीच्या किंवा सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात खिल्लार जातीच्या खोंडाभोवती (तरण्या बैलाभोवती) माणसं जमतात ती त्याच्या तोंडासमोर. शिंगांची ठेवण, डोळे, वशिंड, अंगावरची काजळी झाक यावर किंमत ठरते. मागं जाऊन अंडकोश हाताने चाचपणारा क्वचित दिसतो. पुढे तोच खोंड वळू म्हणून, म्हणजे गायी गाभण ठेवायला, राहतो आणि वाड्यावस्त्यांवरच्या गायी त्याच्याकडे येऊ लागतात. एक गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली, तर २१ दिवस वाया जातात. वळूच नापास असेल तर अख्ख्या गावाचा हंगाम जातो, आणि दोष मात्र गायींच्या माथी बसतो.

पळतो म्हणून वळू केला

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून खिल्लार खोंडांना भाव आला. हे चांगलंच झालं. जातीला काम असेल तर जात टिकते. पण मैदान मारणारा खोंड गायी गाभण ठेवेलच, असं अजिबात नाही. पळ आणि प्रजनन हे दोन वेगळे गुण आहेत, म्हणून त्यांची तपासणीही वेगळी करावी लागते. खोंडाची आई बघा. ती वेळेवर माजावर येते का, दोन वेतांत किती अंतर पडतं, सड-कास कशी आहे, स्वभाव कसा आहे हे विचारा. लातूर-नांदेडकडे देवणी किंवा लाल कंधारी जातीचा खोंड घेणाऱ्यांनी तर आईचं दूध स्वतः समोर बसून काढून बघावं.

अंडकोशाला हातच लावला नाही

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. दोन्ही वृषण साधारण सारखे, घट्ट पण लवचीक, हाताखाली मोकळे सरकणारे हवेत. एक लहान, दगडासारखा कठीण किंवा अगदी मऊ लागला तर खोंड बाजूला काढा. एकच वृषण खाली उतरलेला असेल तर विचारच करू नका, हा दोष पुढच्या पिढीत उतरतो. मग डॉक्टरांकडून टेपने घेर मोजून घ्या. वृषण हळुवार खाली धरायचे आणि सर्वांत रुंद जागी टेप लावायचा. मोठ्या घेराच्या वळूच्या कालवडीही लवकर माजावर येतात, त्यामुळे या मोजमापाचा फायदा दुहेरी आहे.

इथं एक सावधगिरी हवी. इंटरनेटवर फिरणारा ‘१५ महिन्यांपर्यंत ३० सेंटिमीटर, दोन वर्षांपुढे ३४ सेंटिमीटर’ हा तक्ता परदेशी मांसल जातींचा आहे. आपली देशी जनावरं उशिरा वयात येतात. तो तक्ता लावून चांगला खिल्लार खोंड बाद करू नका. त्याच जातीच्या, त्याच वयाच्या चार-पाच खोंडांशी तुलना करा आणि त्यातला सर्वांत कमी घेराचा सोडून द्या.

दूध, अंडी, तूप चारून तुकतुकीत केला

वीर्य नीट तयार व्हायला वृषण शरीरापेक्षा काही अंशांनी थंड राहावे लागतात. अति चरबी झाली की ती अंडकोशाच्या वरच्या भागात साठते आणि ही थंड राहण्याची सोयच बिघडते. वर पेंड-धान्याचा मारा झाला तर खूर सुजतात. बरगड्या किंचित जाणवाव्यात, एवढंच अंग पुरे. प्रदर्शनातला चकाकणारा खोंड बघून भुलू नका.

पायांचंही तसंच आहे. गायीवर चढताना सगळा भार मागच्या पायांवर येतो. खोंड उभा बघून भागत नाही, त्याला कठीण जमिनीवर चालवा. मागचं पाऊल पुढच्या पावलाच्या ठशावर किंवा जवळपास पडायला हवं. मागचा पाय खांबासारखा सरळ असेल तर दोन-चार वर्षांत सांधा दुखायला लागतो.

एका तपासणीवर निकाल लावला

वीर्य तपासणीत साधारण ३० टक्के शुक्राणू पुढे सरकणारे आणि ७० टक्के रचनेने निर्दोष असावेत, हा सर्वमान्य किमान निकष आहे. पण शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. एप्रिल-मेच्या उन्हाचा किंवा तापाचा फटका काही आठवड्यांनी दिसतो. म्हणून जूनमध्ये नापास झालेल्या तरण्या खोंडाला लगेच विकू नका, साठ-सत्तर दिवसांनी पुन्हा तपासा. लम्पी होऊन गेला असेल तर जास्तच जपा. अंगावरच्या गाठी बसल्या तरी विषाणू वीर्यात काही काळ राहू शकतो, आणि वृषणांना झालेली इजा वरून दिसत नाही.

नळीतलं वीर्य उत्तम असूनही काही खोंड गायीकडे बघत नाहीत. काहींचं लिंग वाकडं असतं, काहींच्या लिंगावर चामखीळ असते. हे गोठ्यात बांधलेल्या खोंडात कळत नाही. माजावरच्या गायीजवळ सोडून शांतपणे बघावं लागतं.

रक्त न तपासता गावात आणला

ब्रुसेलोसिस (गाभ पाडणारा आजार), क्षय आणि जोन्स (जुनाट हगवणीचा आजार) या तीन तपासण्यांशिवाय नवा वळू गायींत सोडू नका. महिनाभर वेगळा बांधा, ब्रुसेलोसिसची चाचणी महिन्याने परत करा. ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींसाठी असते, खोंडाला कधीच द्यायची नाही, त्याने वृषण सुजू शकतात. हा आजार माणसालाही होतो, म्हणून गाभडलेल्या गायीचा गर्भ किंवा वार उघड्या हाताने उचलू नका.

वय बघितलं नाही, विश्रांती दिली नाही

आदत, म्हणजे दुधाचे दात न पडलेल्या, खोंडाला गायी लावायच्या नाहीत. दुसा झाल्यावर (दोन पक्के दात आल्यावर), म्हणजे साधारण दोन वर्षांपुढे, आठवड्याला एक-दोन गायी पुरे. आणि एकच वळू गावात वर्षानुवर्षं ठेवू नका. पहिल्या वर्षी लागलेल्या गायींच्या कालवडी तीन-साडेतीन वर्षांत माजावर येतात आणि बापाकडेच आणल्या जातात. तीन वर्षं झाली की लांबच्या गावाशी अदलाबदल करा.

गायी उलटताहेत, दोष कुणाचा?

एकाच घरच्या गायी उलटत असतील तर त्या घरचा चारा आणि खनिज मिश्रण बघा. वेगवेगळ्या घरच्या गायी बरोबर २१ दिवसांनी परत माजावर येत असतील तर वळूचं वीर्य तपासा. दीड-दोन महिन्यांनी, अनियमित उलटत असतील किंवा योनीतून पू जात असेल तर वळूकडून गायीत पसरणाऱ्या ट्रायकोमोनियासिस-विब्रिओसिससारख्या संसर्गाचा संशय घ्या. अशा वेळी वळू त्याच दिवशी थांबवा आणि पशुवैद्यकाकडून नमुने प्रयोगशाळेत पाठवा. गायींना सुया टोचत बसल्याने वळूचा आजार बरा होत नाही.

निवडीतून बाद झालेला खोंड तसाच मोकळा सोडणं हीही चूकच. तो रानात गायी लावत फिरतो आणि निवडलेल्या वळूवर केलेली सगळी मेहनत पाण्यात जाते. डॉक्टरांना बोलावून बर्डिझो चिमट्याने (कातडी न कापता नस चेपणाऱ्या अवजाराने) त्याचं खच्चीकरण करून घ्या, म्हणजे तोच पुढे औताला कामी येईल.