गाडी दचके मारते? शॉकअप बदलायच्या आधी टायरची हवा नीट करून पाहा

गाडी आदळायला लागली की आपल्याकडे पहिले शॉकअपवर, म्हणजे चाकाजवळच्या धक्के झेलणाऱ्या दांड्यावर, बोट जातं. मेकॅनिक गाडी जॅकवर घेतो, चाक हलवून पाहतो, शॉकअप गेले म्हणतो, चाक धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश, म्हणजे जोडातले रबर, गेले म्हणतो, आपण हो म्हणतो, बिल होतं, आणि गाडी घेऊन गावच्या रस्त्याला लागलो की पुन्हा तेच, दात वाजतात आणि मागं बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची कंबर धरते. काहून की चाकात हवा चाळीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेली असते आणि तिकडे कोणी पाहिलेलंच नसतं. म्हणून भाऊ, खर्चात पडायच्या आधी हवा तपासा. त्याला हवा मोजायचं एक गेज आणि सकाळची दहा मिनिटं लागतात.

पण त्याच्याही आधी धक्का कोणत्या जातीचा आहे ते ओळखायला शिका, कारण टायर आणि शॉकअप यांचं काम वेगवेगळं आहे. उखडलेल्या डांबराची गिट्टी, ठिगळाची कडा, मुरमाच्या रस्त्यावर पडलेल्या आडव्या बारीक नाल्या, पुलाचा जोड, असले बारीक आणि टोकदार धक्के टायर स्वतःच जिरवतो, बॉडीपर्यंत येऊ देत नाही. स्पीड ब्रेकर, मोठा खड्डा, आणि आपल्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आक्रसतात त्यामुळं ज्या लाटा पडतात त्या, हे काम स्प्रिंगचं आणि शॉकअपचं. आता तुमची गाडी बऱ्यापैकी सपाट रस्त्यावरही सारखी खडखडत असेल, स्टिअरिंगमध्ये एकेक खडा समजत असेल, तर पहिला संशय हवेवर घ्या. ब्रेकर ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली झुलतच राहिली तर शॉकअप. ऐंशीच्या पुढं गेलं की स्टिअरिंग थरथरतं आणि स्पीड कमी केली की थांबतं, तर व्हील बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करून घेणं. गाडी एका बाजूला ओढते तर पुढच्या दोन्ही चाकांची हवा सारखी आहे का ते पाहा, मगच अलाइनमेंटचे, म्हणजे चाकं सरळ रेषेत लावून घ्यायचे, पैसे द्या. आणि हळू चालताना खड्ड्यात टक-टक वाजतं तर लिंक रॉड (चाकाजवळची जोडदांडी) नाहीतर बुश, तिथं हवा काही करू शकत नाही.

हवेनं एवढा फरक का पडतो? तर गाडीचं वजन रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. समजा गाडी हजार किलोची आहे, म्हणजे एका चाकावर अडीचशे किलो. ३२ पीएसआय म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलोचा दाब, म्हणजे त्या चाकाचा अंदाजे ११० चौरस सेंटिमीटर भाग रस्त्याला टेकतो, आपल्या तळहाताएवढा. तीच हवा ४० केली तर टेकणारा भाग नव्वदच्या आसपास येतो. टायर कडक होतो, दबत नाही, खडा लागला की उसळतो, ब्रेकला पकड कमी मिळते, आणि जो धक्का टायरनं जिरवायचा तो सरळ बुश आणि शॉकअपवर जातो, म्हणजे जास्त हवेनंच शॉकअप लवकर जातात. जास्त हवेनं मायलेज थोडं वाढतं हे खरं आहे, पण गाव ते तालुका एवढंच रोजचं जाणंयेणं असलेल्या माणसानं त्याच्यासाठी गाडी आदळून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

किती भरायची? ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, खांबावर एक स्टिकर असतं, काही गाड्यांत डिझेल-पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतं, नाहीतर गाडीच्या पुस्तकात. त्याच्यावर पुढच्या आणि मागच्या चाकाचा आकडा असतो, बऱ्याच गाड्यांत कमी माणसांसाठी वेगळा आणि फुल लोडसाठी वेगळा. छोट्या गाड्यांचा आकडा सहसा २९ ते ३६ च्या मधात असतो पण अंदाज नको, तुमच्या गाडीचा तुम्ही वाचा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. टायरच्या बाजूवर ४४ नाहीतर ५१ असं काही लिहिलेलं दिसलं तर ते त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीत भरायची हवा नाही. पुष्कळ लोकं तेच वाचून भरतात आणि मग कंपनीला नावं ठेवतात.

आता फाट्यावर काय होतं ते तुम्ही रोज पाहता. गाडी कॉम्प्रेसरजवळ लागली की पंक्चरवाला विचारतो, "किती मारू भाऊ?" आणि आपण काचेतूनच सांगतो, "मार पस्तीस, लांब जायचं हाय." त्याच्या गेजची काच उन्हानं पिवळी पडलेली, नळी काढली तरी काटा शून्यावर येत नाही, चार-पाचावरच अडकून राहतो. त्या माणसाची चूक नाही, ते गेज दिवसभर जमिनीवर आपटतं. पण तुमच्या चाकात नक्की किती गेली हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून एक स्वतःचं डिजिटल गेज घ्या, ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा हवा भरायचा पंप मिळाला तर फारच छान, कारण मग खरी गोष्ट जमते, सकाळी थंड टायरमध्ये मोजणं.

थंड म्हणजे गाडी रात्रभर उभी आहे, नाहीतर निदान तीन तास उभी आहे, आणि चाकावर ऊन नाही. स्टिकरवरचा आकडा या थंड टायरचा असतो, हे इथं सगळ्यात जास्त लक्षात ठेवायचं आहे कारण आपल्याकडे चंद्रपूर, ब्रम्हपुरी, अकोल्याला मे महिन्यात ४५ अंशाच्या वर पारा जातो आणि डिसेंबरमधल्या पहाटे दहा-बाराला येतो. साधारण हिशोब असा की तापमान १० अंशानं बदललं की टायरमधली हवा दीड पीएसआयनं बदलते. म्हणजे मे महिन्यात भर दुपारी ४४ अंशात ३३ भरून घेतली आणि मग तिकडे पाहिलंच नाही, तर थंडीच्या सकाळी निव्वळ थंडीनं ती साडेअठ्ठावीसवर येते, आणि टायर महिन्याला एखादा पीएसआय तसाही सोडतोच, तो वेगळा. मग गाडी जड चालते, वळताना डोलते आणि आपण म्हणतो स्टिअरिंग जड झालं.

याच्या उलट जे उन्हाळ्यात करतात ते जास्त धोक्याचं आहे. सकाळी बरोबर ३३ भरली, दुपारी तासभर गाडी चालवली, टायर तापून पासष्ट अंशापर्यंत गेला, गेज लावलं तर ३८-३९ दाखवतं. माणूस घाबरतो, टायर फुटन म्हणते कोणीतरी, आणि तिथंच वॉल्व दाबून ३३ होईपर्यंत हवा सोडून देतात. तर बाप्पा, हे करू नका. तापल्यावर वाढणारी हवा कंपनीनं धरलेलीच असते. तुम्ही तापलेल्या टायरची काढली की दुसऱ्या दिवशी सकाळी ती २८ भरते. मग त्या कमी हवेवर गाडी चालली की टायरच्या भिंती जास्त दबतात, दबल्या की जास्त तापतात, आतली दोऱ्याची वीण ढिली होते, आणि उन्हात स्पीडमध्ये जो टायर फुटतो तो बहुतेक वेळा असा कमी हवेनंच फुटतो. रस्त्यात तपासायची वेळ आलीच तर एवढंच करा, चारही चाकं मोजा, जे एखादं बाकीच्यांपेक्षा बरंच कमी आहे ते त्यांच्या बरोबरीला आणा, पुढं जा, आणि सकाळी थंडीत पुन्हा नीट करा. तापलेला टायर स्टिकरपेक्षाही कमी दाखवत असेल तर पंक्चर समजा.

मोजताना वॉल्वची टोपी खिशात ठेवा, खाली ठेवली की धुळीत जाते आणि तीच धूळ वॉल्वमध्ये. गेज सरळ आणि दाबून लावा, सुरुवातीला फुस्स आवाज आला तर नीट बसलं नाही, परत लावा. मोजून झालं की वॉल्वच्या तोंडावर बोटानं थोडी थुंकी लावा, बुडबुडा फुगला तर वॉल्वची पिन गळते, ती बदलायला फार पैसे लागत नाहीत. महिन्यातून दोनदा हे केलं की पुरे.

लोडचं वेगळं पाहावं लागतं. एकटा माणूस तालुक्याला जातो तेव्हाची हवा आणि लग्नाला पाच जण, मागं डिक्कीत बॅगा, अहेराची भांडी, नाहीतर काटोल-वरुडकडून येताना संत्र्याचे कॅरेट, तेव्हाची हवा सारखी नसते. मागच्या चाकाला स्टिकरवर फुल लोडचा जो आकडा आहे तो निघायच्या आधी भरा. आणि परत आल्यावर कमी करा, हे दुसरं काम सगळे विसरतात, मग रिकामी गाडी मागून उड्या मारते आणि लोकं म्हणतात पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, कडक आहेत. मागं पाट्यावाली गाडी रिकामी असली की तशीही उडते, तिला तर लोडची हवा अजिबात सोसत नाही.

मग रस्ता खराब आहे म्हणून स्टिकरपेक्षा कमी ठेवली तर? गाडी नरम लागते हे खरं आहे. पांदण रस्त्यानं शेतात जाताना वीसच्या स्पीडनं चार-पाच पीएसआय कमी असली तर लगेच काही होत नाही. पण तीच गाडी तासाभरानं हायवेला लागते आणि मधात हवा भरायला कोणी थांबत नाही, म्हणून मी हे करूच नका म्हणतो. शिवाय कमी हवेत खड्डा लागला की टायर रिम आणि खड्ड्याची कडा यांच्यात चेंगरतो आणि बाजूला फुगा येतो. असा फुगा आला की तो टायर संपला, त्याला ठिगळ नाही. स्टिकरवर दोन आकडे असतील आणि गाडी हलकी असेल तर त्यातला कमीचा ठेवा, त्याच्या खाली जाऊ नका. आणि समृद्धी महामार्गावर जायचं असेल तर फुल लोडचा आकडा भरूनच चढा, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा तो रस्ता आहे, बऱ्याच ठिकाणी १२० ची मुभा, उन्हाळ्यात तापलेलं काँक्रीट, मधात गाव नाही, फारसं वळण नाही, टायरला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. दर शंभर-दीडशे किलोमीटरला गाडी सर्व्हिस एरियात घ्या.

टायर बदलायची वेळ आली तर साइज वाचून घ्या. १६५/८० आर १४ म्हणजे टायर १६५ मिलिमीटर रुंद, त्याच्या ८० टक्के बाजूच्या भिंतीची उंची, म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि रिम १४ इंची. त्याच गाडीला कोणी हौसेनं अलॉय टाकून १९५/५५ आर १६ बसवलं तर चाकाची एकूण उंची तेवढीच राहते पण भिंत १०७ मिलिमीटरवर येते. एक इंच रबर गेलं आणि त्याच्या जागी धातू आला, मग तो इंच जो धक्का खात होता तो तुम्हीच खाणार ना. बोलेरोसारखी गाडी आपल्या रस्त्याला टिकते त्यात २१५/७५ आर १५ टायरच्या १६१ मिलिमीटर भिंतीचा मोठा वाटा आहे. खेड्यातल्या माणसानं अलॉय घ्यायचेच असतील तर जुन्याच साइजमध्ये घ्यावेत, उंच भिंतीचा टायर सोडू नये.

जुना टायर नुसता वयानंही कडक होतो, ऊन लागून रबर वाळतं, नख रुतत नाही, आणि मग हवा कितीही बरोबर असली तरी गाडी आदळते. बाजूवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, २२१९ असेल तर २०१९ सालचा बाविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी शिल्लक असली तरी भेगा पाहा आणि बदलायचा विचार करा. दुकानदार नवीन म्हणून दोन वर्षं पडून असलेला देत असेल तर दुसरा मागा, लाजू नका. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर तो टायर कायद्यानंही चालत नाही, खाचेत छोट्या उंचवट्याच्या पट्ट्या असतात, नक्षी घासून त्यांच्या बरोबर आली की झालं. घासण्यावरूनही समजतं, मधातच घासला तर हवा जास्त होती, दोन्ही कडा घासल्या तर कमी, एकच कड घासली तर अलाइनमेंट, आणि हात फिरवला की खालीवर खड्डे लागतात तर शॉकअप खरंच गेलेले आहेत, आता मेकॅनिककडे जा.

नायट्रोजनचं विचारतात लोकं. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळत असेल तर भरा, त्याच्यासाठी वीस किलोमीटर जाऊ नका, आणि तो भरला म्हणून मोजणं सोडू नका, तोही तापला की तसाच वाढतो.

शेतात गाडी घालताना तुरीच्या आणि पऱ्हाटीच्या (कापसाच्या) धसकटांपासून जपा. बाभळीचा काटा ट्यूबलेसला रुतला तर हवा हळूहळू जाते, घरी येता येतं, आणि तो पंक्चर निघतोही. पण कापलेल्या तुरीचं टोक बाजूच्या भिंतीत घुसलं तर तिथलं पंक्चर काढत नाहीत, टायरच जातो. म्हणून स्टेपनी महिन्यातून एकदा मोजा. तिच्यात स्टिकरच्या फुल लोडच्या आकड्यापेक्षा दोन-तीन जास्तच ठेवा, पडून पडून उतरते, आणि लावायची वेळ आलीच तर कमी करायला तुमचं गेज आहे, वाढवायला रात्री फाट्यावरचं दुकान उघडं नसतं.