डिग्रीतली अप्रेंटिसशिप करताय? मग या चुका टाळा

मी कॉलेजात अप्रेंटिसशिपचं काम बघतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमची पोरं-पोरी जातात, आणि दर बॅचला त्याच चुका होतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे लॉगबुक, म्हणजे रोजच्या कामाची वही, शेवटी भरणं. अरे, ही अप्रेंटिसशिप तुमच्या डिग्रीचा भाग आहे, नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, आणि त्या तासांत तुम्ही काय शिकलात हे दाखवायला वहीशिवाय दुसरं आहे काय? मस्टर फक्त हजेरी सांगतं. आमचा एक बीव्होकचा (व्यावसायिक शिक्षणाच्या डिग्रीचा) पोरगा होता, सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं, सेटिंग स्वतः करायचा, सुपरवायझर त्याच्यावर लई खूश, वही मात्र कोरी. व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या रात्री रूमवर बसून एकाच पेनानं सगळे महिने भरले, पानोपान तेच, "मशीन चालवले, जॉब चेक केले". बाहेरून आलेल्या मॅडमनी मधलंच एक पान उघडलं ते नेमकं अनंत चतुर्दशीचं. त्या दिवशी अख्खं कोल्हापूर मिरवणुकीत, कंपनीला सुट्टी, आणि याच्या वहीत आठ तास टर्निंग! मॅडमनी विचारलं, "हे कुठं केलंस?" पोरगा गप्प. मग त्यानं खरंच केलेल्या कामावरही त्यांचा विश्वास बसेना. मला अजून वाईट वाटतं, कारण त्याला काम येत होतं.

माझी सांगण्याची पद्धत एकच, शिफ्ट सुटली की गेटबाहेर पडायच्या आधी चार ओळी लिहायच्या. कुठला जॉब, काय बिघडलं, कुणी दाखवलं, काय बदललं. "फौंड्रीत काम केले" हे लिहू नका. "ब्लोहोलमुळे रिजेक्शन वाढलं, वाळूतलं मॉइश्चर तपासलं तर जास्त निघालं, पाणी कमी केलं" असं लिहा (ब्लोहोल म्हणजे ओतलेल्या धातूत राहिलेलं वायूचं भोक). दर आठवड्याला मेंटरची सही घ्या, महिनाभराच्या सह्या एकदम मागितल्या की तो न वाचता करतो आणि मग त्या सहीला किंमत राहत नाही. आणि हल्ली एआयकडून लॉगबुक लिहून घेणारे निघालेत. तुमच्या शॉपमधल्या मशीनवर काल काय झालं हे त्याला कुठनं कळणार? शिकायचंच नसेल तर साधी डिग्री करा, कंपनीची जागा अडवू नका.

दुसरी चूक, कॉन्ट्रॅक्ट व्हायच्या आधीच कामाला लागणं. "सर, कंपनी म्हणाली उद्यापासून या, कागद नंतर बघू." नाही! १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात तुम्ही कामगार नसता, शिकाऊ असता, पण कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. आता तुम्ही अप्रेंटिस आहात हे दाखवणारा कागद म्हणजे तेच कॉन्ट्रॅक्ट. एका पोराच्या बोटाला ग्राइंडरवर लागलं, कॉन्ट्रॅक्ट नॅट्स पोर्टलवर, म्हणजे केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिपच्या वेबसाइटवर, चढलेलंच नव्हतं, आणि कंपनी सरळ म्हणाली हा आमचा नव्हेच. दवाखान्याचा खर्च वडिलांनी ऊस बिलातनं भागवला. म्हणून नॅट्स पोर्टलवरचं कॉन्ट्रॅक्ट स्वतः उघडून नाव, तारीख, स्टायपेंड वाचल्याशिवाय मशीनला हात लावू नका, दोन-चार दिवस घरी बसावं लागलं तरी चालेल.

बाकीच्या पटापट सांगतो. बँक खातं आधारला लिंक नसणं: नॅट्समध्ये किमान स्टायपेंडचा अर्धा भाग केंद्र सरकारचा असतो, खातं लिंक नसेल तर तो अडकतो. स्टायपेंडला पगार समजणं: दोन हजार जास्त मिळतात म्हणून मध्येच कंपनी सोडणाऱ्यांचं सेमिस्टर अडकलेलं मी बघितलंय. कंपनी शेवटी नोकरी देणारच असं धरून चालणं: कायद्यानं तसं बंधन नाही. एबीसी आयडी, म्हणजे तुमचे क्रेडिट साठवणाऱ्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधला खाते नंबर, काढायचा राहिला तर क्रेडिट जमा कुठं होणार? आजच काढा.

आणि ज्यांना नुसतं झेरॉक्स काढायला नाहीतर माल उचलायला लावतात त्यांनी सहा महिने सोसून मग रडत येऊ नका. पहिले पंधरा दिवस रोज लिहा, ती वही घेऊन तुमच्या कोऑर्डिनेटरकडे जा, करारातला ट्रेनिंग प्लॅन शेजारी ठेवा. मी असली वही घेऊन थेट एचआरच्या टेबलावर जातो, आणि बहुतेक वेळा त्याच आठवड्यात डिपार्टमेंट बदलून मिळतं.