नॉयर प्रसंगात ब्लाइंडच्या सावल्या कशा पाडायच्या

ती आणि तो रात्रीच्या खोलीत गुन्ह्याचा बेत आखताहेत आणि चेहऱ्यांवर व्हेनेशियन ब्लाइंडच्या (खिडकीवरच्या आडव्या पट्ट्यांच्या पडद्याच्या) काळ्या पट्ट्या पडल्या आहेत. महायुद्धानंतरच्या अमेरिकी नॉयरमधलं (गुन्ह्यांच्या काळोख्या कृष्णधवल चित्रपटांमधलं) हे दृश्य उभं करायला मुख्य दिवा एकच पुरतो, पण तो कडक, म्हणजे धारदार सावली पाडणारा हवा. सॉफ्टबॉक्स, डिफ्यूजन असं उजेड मऊ करणारं सगळं काढा.

पट्ट्या पुसट आल्या तर आधी दिव्याचं तोंड मोजा. ३ सेमीचा दिवा ब्लाइंडपासून ३ मीटरवर आणि ब्लाइंडमागे १ मीटरवर भिंत असेल, तर सावलीची कड १ सेमी पुसट होते. अडीच सेमीच्या पट्टीला ते चालतं. त्याच जागी १५ सेमी तोंडाचा दिवा लावला की कड ५ सेमी पसरते, पट्ट्या एकमेकींत मिसळतात आणि भिंत नुसती करडी दिसते. फ्रेनेल (भिंगाचा दिवा) असेल तर फ्लडवर, म्हणजे झोत रुंद करून ठेवा. स्पॉटपेक्षा (अरुंद झोतापेक्षा) कडा धारदार येतात.

दिवा बाजूने, साधारण ३० अंश वरून मारा. उजेडाची एक पट्टी तिच्या डोळ्यांवरून गेलीच पाहिजे. मान जराशी हलली तरी ती भुवईवर सरकते, म्हणून खुर्चीच्या पायांनाही टेपने खुणा करा. त्याला तिच्या मागे असा बसवा, की तिची सावली त्याच्या तोंडावर पडेल. बोलायला पुढे झुकला की तो उजेडात येतो, होकार देऊन मागे टेकला की पुन्हा तिच्या सावलीत. कोण कोणाच्या जाळ्यात आहे, ते संवादाआधीच कळतं.

फिल (सावल्या उजळणारा दुय्यम उजेड) मुख्य उजेडापेक्षा तीन स्टॉप कमी, म्हणजे त्याच्या आठव्या भागाइतका ठेवा. एक्स्पोजर चेहऱ्यावरच्या उजळ पट्टीवर धरा. मॉनिटर काळोखा वाटला म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवू नका. काळ्यात नॉइज (दाणेदारपणा) शिरतो. तरीही सावल्या करड्याच येत असतील तर कॅमेऱ्याबाहेरची पांढरी भिंत उजेड परत फेकते आहे. तिच्यावर काळं कापड टाका, पण गरम दिव्यापासून लांब. काळे केस काळ्या भिंतीत बुडत असतील तर मागून एक बारीक दिवा द्या. सिगारेटचा धूरही मागच्याच उजेडात उठतो, समोरून मारलात तर दिसतच नाही.

रंगीत चित्रण कृष्णधवल करताना लाल चॅनल (चित्रातला लाल रंगाचा वाटा) कमी केला की लिपस्टिक गडद होते. फार कमी केलात तर त्वचेवरचे डागही उठून दिसतात.