एन्झाइमची मॅट्रिक्स धरण्याआधी धान्य बघा

फीड फॉर्म्युलेशनमध्ये, म्हणजे कोंबडीखाद्यात काय किती घालायचं ते ठरवण्याच्या कामात येऊन मला चार वर्षं झाली. शिरवळला बी.व्ही.एस्सी. केलं आणि सांगली जिल्ह्यातल्या एका फीड मिलमध्ये लागले. नव्याने या कामात येणारी मुलं-मुली मला विचारतात, एन्झाइम कुठलं चांगलं? मला पहिल्या वर्षी ज्याने रडवलं ते एन्झाइम वाईट नव्हतंच, म्हणून आधी तीच गोष्ट सांगते.

मका वधारला होता. इथेनॉलवाले उचलायला लागल्यापासून तो आपल्याला स्वस्तात मिळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून ब्रॉयलरच्या खाद्यात आम्ही टनामागे 300 किलो गहू घेत होतो. सोबत झायलनेज हे एन्झाइम, टनाला 100 ग्रॅम. कंपनीच्या शीटवर मॅट्रिक्स, म्हणजे एन्झाइममुळे जास्तीची मिळते असं धरायची ऊर्जा, होती किलो खाद्यामागे 80 किलोकॅलरी. ती पूर्ण धरली, तेल कमी केलं, आणि पक्षी छान निघाले. गव्हात साधारण 5 ते 8 टक्के अरॅबिनोझायलन, म्हणजे लांब साखळीचं, पक्ष्याला न पचणारं तंतुमय द्रव्य असतं. ते आतड्यात चिकट होतं, विष्ठा ओली पडते, लिटर (शेडमध्ये अंथरलेला भुशाचा थर) बसतं, आणि चिकट लगद्यात अडकलेला स्टार्च आणि प्रथिनं पक्ष्याला पुरती मिळत नाहीत. झायलनेज अरॅबिनोझायलनची साखळी तोडतं. पक्ष्याला अडकलेलं अन्न मिळतं. शीटवरच्या 80 किलोकॅलरी म्हणजे हेच सुटलेलं अन्न.

मग गहूही महागला. मालकांनी तांदळाची कणी आणली. मी सॉफ्टवेअरमध्ये गहू शून्य केला, कणी 300 किलो टाकली, सोल्व्ह दाबलं. फॉर्म्युला बसला, खर्चही उतरला. मी खूश.

इथे जरा थांबा, कारण चूक याच जागी झाली आणि स्क्रीनवर ती दिसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मॅट्रिक्स एन्झाइमच्या नावावर नोंदवलेली असते, धान्याच्या नाही. टनाला 100 ग्रॅम एन्झाइमने किलोमागे 80 किलोकॅलरी द्यायच्या, तर त्या एन्झाइमच्या एका किलोत 8 लाख किलोकॅलरी भराव्या लागतात. तेलात सुमारे 8800 असतात. म्हणजे हा आकडा एन्झाइमचा नव्हेच. तो गव्हातून सुटणाऱ्या ऊर्जेचा आहे, फक्त एन्झाइमच्या खात्यावर लिहिलेला. गहू काढला तरी सॉफ्टवेअर 80 देतच राहतं. पॉलिश केलेल्या कणीत अरॅबिनोझायलन जवळजवळ नसतंच, स्टार्च तर आधीच उत्तम पचतो. मग झायलनेज तोडणार काय? मक्या-सोयातून थोडंफार सुटत असेल, पण 80 नाही. आणि त्या 80 च्या भरवशावर मी टनामागे जवळपास 14 किलो तेल काढून त्या जागी धान्य भरलं होतं.

कळलं कसं? एका शेतकऱ्याच्या वहीतून. दहा हजार पक्ष्यांचं शेड, पस्तिशी पार केलेले अण्णा. शाळेच्या वहीला उभ्या रेघा मारून रोजची पोती लिहिणारे. त्यांनी दोन पानं समोर धरली. मागच्या बॅचला 640 पोती, या बॅचला 660. वजन दोन्हीकडे सरासरी दोन किलो.

"मॅडम, पक्षी तेवढंच, दिवस तेवढंच. मग वीस पोती जास्त कशानं लागली?"

मी पिल्लांची क्वालिटी तपासली, पाणी तपासलं, पडदे, अमोनिया, लसीकरणाच्या तारखा, सगळं. आठवडा त्यात घालवला. फॉर्म्युला उघडलाच नाही, कारण तो मीच केला होता. उघडल्यावर पाच मिनिटांत दिसलं. एफसीआर, म्हणजे किलोभर वजनासाठी लागलेलं खाद्य, 1.60 वरून 1.65. वीस पोती म्हणजे एक टन खाद्य. वाचलेलं तेल मिलचं होतं, जास्त गेलेलं खाद्य अण्णांचं. हे मला अजून टोचतं.

घाबरू नका, यातून सावरता येतं. एक बॅच जाते, पक्षी मरत नाहीत. पण स्वतःला एक सवय लावून घ्या. धान्य बदललं की मॅट्रिक्स हाताने परत लिहायची. मी गहू असेल तर त्याच्या प्रमाणात धरते, कणीवर झायलनेजची ऊर्जा शून्य धरते. बाजरीला स्वतःची ट्रायल होईपर्यंत मी पूर्ण आकडा देत नाही. दोन-तीन एन्झाइमं एकत्र असली तर सगळ्यांच्या कॅलरींची बेरीज तर मुळीच करू नका. सुधारायला जागा एकच असते, ती तीनदा विकता येत नाही.

फायटेज या दुसऱ्या एन्झाइमचं थोडक्यात. धान्यातला बहुतेक फॉस्फरस, साधारण दोन तृतीयांश, फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि कोंबडीकडे तो सोडवायला स्वतःचं एन्झाइम जवळजवळ नसतं. म्हणून फायटेज मका-सोयावरही काम करतं, कणीवर थोडं कमी, कारण तिथे फायटेटच कमी. किलो खाद्यामागे 500 एफटीयूला (फायटेज मोजायचं एकक) 0.12 टक्के फॉस्फरस धरला की टनामागे साडेसहा किलो डीसीपी (फॉस्फरससाठी घालतो ते डायकॅल्शियम फॉस्फेट) निघतो. डोस कायम ठेवा, किमान आणि कमाल एकच आकडा टाका, नाहीतर सॉफ्टवेअर स्वस्त फॉस्फरस म्हणून फायटेज ओढत सुटतं. दुप्पट डोसने दुप्पट फॉस्फरस सुटत नाही. पाय वाकडे झालेले पक्षी बघायची वेळ येऊ देऊ नका. खाद्य दाबून पेलेट (गोळ्या) करत असाल तर त्याआधी वाफ देणारा कंडिशनर 85 अंशांवर चालतो का ते ऑपरेटरला विचारा, कारण उष्णतेने एन्झाइम निकामी होऊ शकतं, आणि पेलेट झालेल्या खाद्याचा नमुना लॅबला पाठवा. गोणीतल्या पावडरचा नको. 100 ग्रॅम थेट मिक्सरमध्ये ओतू नका, आधी पाच किलो मक्याच्या पिठात घोळवा.

व्हॉट्सअॅपवर फिरणारे तयार फॉर्म्युले उचलू नका, हे मी स्पष्टच सांगते. ते कुणाच्या तरी गोदामातल्या धान्याचे असतात, तुमच्या नाही. कंपनीची टेक्निकल माणसं हुशार असतात, त्यांच्याकडून मीही पुष्कळ शिकले. पण त्यांना एकच प्रश्न विचारा: हा आकडा कोणत्या धान्यावर मोजलाय? उत्तर लगेच आलं नाही तर निम्मा धरा.

ट्रायल लावलीत तर तीन गट हवेत. पूर्ण पोषणाचं खाद्य, पोषण कमी केलेलं खाद्य, आणि तेच कमी केलेलं खाद्य अधिक एन्झाइम. बहुतेक जण मधला गट गाळतात. मग पक्षी चांगले आले तर ते एन्झाइममुळे की खाद्य आधीच पुरेसं होतं म्हणून, हे कळायला मार्गच उरत नाही. प्रत्येक गटाचे निदान चार-पाच कप्पे करा, एका कप्प्यावर विसंबू नका.

मालक टनाचा खर्च विचारतील. तुम्ही किलो जिवंत वजनामागचा खर्च लिहून न्या. मी तो कागद नेला तेव्हा त्याला अण्णांच्या वहीच्या त्या दोन पानांचा फोटो जोडला होता. तेल परत आलं. पुढच्या बॅचला अण्णांनी 642 पोती लिहिली.