हायपरकॉल लिहिताना या चुका टाळा

हायपरकॉल म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या कर्नलने (गेस्टने) तिला चालवणाऱ्या हायपरव्हायजरला केलेली हाक. त्यातली सगळ्यात डोकं खाणारी चूक पत्त्याची. हायपरव्हायजरला बफर द्यायचा तर बहुतेक ठिकाणी गेस्टचा फिजिकल अ‍ॅड्रेस लागतो. लोक सरळ पॉइंटर, म्हणजे व्हर्च्युअल पत्ता, रजिस्टरमध्ये कोंबतात. बूटच्या सुरुवातीला आयडेंटिटी मॅपिंग असतं, दोन्ही पत्ते सारखेच निघतात, आणि चूक खपून जाते. एका सहकाऱ्याने मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या हायपरव्हायजरसाठी असाच कोड लिहिला. कर्नल वरच्या अ‍ॅड्रेसवर हलवला आणि सगळं बंद पडलं. पत्ता सुधारला, तरी कॉल अधूनमधून फसतच होता, कारण बफर स्टॅकवर. हायपर-व्हीला इनपुट ८ बाइटवर अलाइन केलेलं लागतं आणि पेजची (मेमरीच्या ४ केबी तुकड्याची) हद्द ओलांडलेली चालत नाही. वरच्या फंक्शनमध्ये कुणी एक लोकल अ‍ॅरे वाढवला की बफर दोन पेजांवर सांडणार. त्यात रिटर्न व्हॅल्यू कुणीच तपासत नव्हतं, त्यामुळे सगळा राग निघाला टायमरवर! मी दर सीपीयूमागे एक अख्खं पेज इनपुटसाठी राखून ठेवतो. ४ केबी वाया गेले म्हणून कुरकुरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

दुसरी लाडकी चूक इनलाइन असेंब्लीतली. मेमरी क्लॉबर, म्हणजे ‘ही इन्स्ट्रक्शन मेमरीला हात लावते’ ही कंपायलरला दिलेली सूचना, दिली नाही तर हायपरव्हायजर तो बफर वाचणार आहे हे कंपायलरला कळायचं कसं? बफरमध्ये भरलेली मूल्यं तो खुशाल उडवतो किंवा कॉलच्या नंतर लिहितो. ऑप्टिमायझेशन बंद असताना सगळं सुरळीत, ओ-टू लावलं की बोंब. ‘मध्ये प्रिंट टाकला की चालतं’ असं कुणी म्हणालं की मी आधी क्लॉबर लिस्ट (कॉलमध्ये काय काय बदलतं त्याची यादी) उघडतो. नुसतं व्होलाटाइल लावून भागत नाही. दुसऱ्या प्लॅटफॉर्मची यादी उचलून डकवणं तर त्याहून वाईट. लिनक्सचा हायपरव्हायजर केव्हीएम एक्स८६ वर एरवी फक्त आरएएक्स रजिस्टर बदलतं, पण आर्मच्या एसएमसी कॉलिंग कन्व्हेन्शन (कॉल करायचे नियम) १.० मध्ये एक्स४ ते एक्स१७ या रजिस्टरांचा भरवसा नाही. स्पेक वाचायला एक दुपार जाते. घाईवाल्यांना तीही जड जाते.

बाकीच्या किरकोळ. हायपरकॉलची इन्स्ट्रक्शन इंटेलवर व्हीएमकॉल, एएमडीवर व्हीएमएमकॉल. केव्हीएम चुकीची इन्स्ट्रक्शन गुपचूप पॅच करतं, म्हणून घोळ दिसत नाही. कर्नलचा कोड रीड-ओन्ली केला की उघडा पडतो. खाली हायपरव्हायजर आहे का हे सांगणारा, सीपीयूआयडी लीफ १ मधला ईसीएक्सचा बिट ३१ न बघता कॉल करू नका. आणि आर्मवर कॉलसाठी एचव्हीसी इन्स्ट्रक्शन वापरायची की एसएमसी, हे डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरच्या वर्णनात) पीएससीआय (सीपीयू चालू-बंद करायचा इंटरफेस) नोडच्या ‘मेथड’मध्ये लिहिलेलं असतं. तिथून वाचा.