क्लबची नेट प्रॅक्टिस : या चुका टाळा

बहुतेक क्रिकेट क्लबांत नेट लागते कशी? जो आधी आला तो पॅड बांधून आत, बाकीचे हाताला लागेल तो चेंडू घेऊन रांगेत. दोन तास घाम गळतो, पण मॅचमध्ये त्याचा उपयोग शून्य.

सगळ्यात महागात पडतो तो नो-बॉल. नेटमध्ये क्रीज पुसलेली असते आणि गोलंदाज बिनधास्त फूटभर पुढून टाकतो. मॅचमध्ये अंपायरने हात आडवा केला की तो घाबरून मागे सरकतो आणि तोच गुड लेंग्थ चेंडू आखूड पडतो. वर टी-२० असेल तर फ्री हिट, म्हणजे पुढच्या चेंडूवर फलंदाज जवळपास बादच होत नाही. उपाय फुकटचा आहे: स्टंपपासून 4 फूट टेपने मोजून चुन्याची रेघ मारा आणि नुकती बॅटिंग संपवलेल्याला अंपायर म्हणून उभा करा. कॅप्टनचा चेंडू असला तरी ‘नो’ ओरडायचं.

दुसरं, फलंदाजाला आऊट होण्याची भीतीच नसते. शिवाजी पार्कवर सचिन तेंडुलकरचे गुरू आचरेकर सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला बाद करणाऱ्याला ते मिळायचं, नाबाद राहिला तर सचिनला. तुम्ही नाणं ठेवू नका हवं तर, पण तीनदा आऊट झाला की बाहेर, एवढा नियम करा. गोलंदाजाने ओव्हरआधी फील्ड सांगावी: ‘मिडऑफ वर, डीप स्क्वेअर लेग मागे.’ मग चौका होता की कॅच यावर वाद होतील. होऊ द्या, दोघंही डोकं चालवायला लागतात.

एका नेटला चार गोलंदाज पुरेत, आणि सलग सहा चेंडू टाकून मग विश्रांती.

शेपटाला, म्हणजे तळाच्या फलंदाजांना, नेहमी अंधार पडताना बॅटिंग मिळते. आठवड्यातून एकदा क्रम उलटा करा.

पावसाळ्यातल्या कांगा लीग स्पर्धेच्या तोंडावर मुंबईचे क्लब पावसामुळे सिमेंटवर सराव करतात. नाइलाज आहे, मान्य. पण तिथे चेंडू छान बॅटवर येतो, ओल्या विकेटवर मात्र थांबून येतो आणि तो झोकदार ड्राइव्ह थेट मिडऑफच्या हातात जातो. निदान मॅटिंग अंथरा आणि चेंडू उशिरा, शरीराजवळ खेळायला लावा.

आणि जाळीला टेकून गप्पा मारणाऱ्यांना आधी हटवा. जाळी ताणते, टेकलेल्याच्या पाठीत चेंडू बसतो.